मोराखालचे चार काळे

चादर समोरून बघितली तर मोर जिथल्या तिथे होता. पिसाऱ्यातले डोळे, पायाखालची वेल, कडेची कोयरी, सगळं जागेवर. मग जॉबरने, म्हणजे माग लावून देणाऱ्या कारागिराने, चादर उलटी केली. पाठीमागे दोन-दोन इंचांचे धागे झिपऱ्यांसारखे मोकळे लोंबत होते. त्यातला एक त्याने करंगळीत अडकवून ओढला, तशी मोराच्या मानेला सुरकुती पडली. "पहिल्या धुण्यात मोर जाणार," एवढंच बोलून तो दुसऱ्या मागाकडे वळला.

मला बोलावलं होतं ते "फाइल नीट कन्व्हर्ट झाली नाही वाटतं, जरा बघून जा" असं सांगून. माझं काम डीटीपीचं आणि जुन्या डिस्कमधून डेटा काढून देण्याचं. कापडातलं मला कळतं ते सोलापुरात वाढलेल्या कोणालाही कळतं तेवढंच, म्हणजे चादर घ्यायला गेल्यावर मी ती उलटून बघतो. का बघतो, हे मात्र त्या दिवशी समजलं.

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला. मालकांकडे वर्षानुवर्षं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालणारे, नक्षी विणणारे जकार्डचे माग होते. जोसेफ मारी जकार्डने लिआँमध्ये १८०४च्या सुमारास जे यंत्र उभं केलं, त्याचंच हे घराणं: भोक असेल तर उभा धागा धरणारा हूक वर उचलला जातो, नसेल तर खाली राहतो, एका पत्त्यावर एक पीक (शेतातलं नव्हे, आडव्या धाग्याची एक फेरी). या कारखान्यात नक्षी आधी ग्राफ पेपरवर रंगवायचे आणि पत्ते हाताने पंच करायचे. १९९६ च्या आसपास डॉसवर चालणारा एक प्रोग्राम आला, ग्राफ कॉम्प्युटरवर गेला आणि पंचिंगही त्यावरूनच व्हायला लागलं. आता मालकांनी एक इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतलं होतं. त्याला पत्ते लागत नाहीत, फाइल लागते. नक्षी तर तयारच होत्या, ६३ फ्लॉपींवर, बिस्किटांच्या दोन डब्यांत.

डबे उघडले तेव्हा वरच्या थरावर कापसाचं तूस बसलं होतं. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे बुरशी जवळपास नव्हती. पण पत्र्याच्या शेडमधला एप्रिल-मे या फ्लॉपींनी वीस-पंचवीस वेळा सोसला होता. मी प्रत्येक फ्लॉपीची आधी अख्खी प्रतिमा (बाइटला बाइट नक्कल) काढून घेतली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर केलं. ५४ वाचल्या, ९ गेल्या. दुबार नक्षी बाजूला काढल्यावर ४१२ फाइली उरल्या. त्यात ३३८ पीसीएक्स, २७ बीएमपी, ६ टिफ (हे सगळे चित्राच्या फाइलींचे प्रकार), आणि ४१ अशा की त्यांचं एक्स्टेन्शन कुठल्याच प्रोग्रामला ओळखीचं वाटेना.

माझ्या आधी दोन प्रयत्न झाले होते, दोन्ही मालकांच्या भाच्याचे. मुलगा हुशार, लग्नाचे अल्बम करतो. त्याने आधी सगळ्या पीसीएक्स जेपीजी केल्या, कारण व्हॉट्सॲपवर पाठवायला त्या सोप्या. जेपीजी फोटोसाठी आहे. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करते आणि डोळ्याला जाणवणार नाही एवढा बारकावा टाकून देते. चेहऱ्यावर हे खपून जातं. जिथे ग्राफवरच्या लाल घराला (चौकोनाला) लागून काळं घर आहे तिथे मात्र कडेने तांबूस-करड्या ठिपक्यांची धूळ उडते. बारा रंगांच्या नक्षीत हजारोंनी रंग झाले आणि जकार्डच्या सॉफ्टवेअरने ती फाइल घ्यायलाच नकार दिला. ही चूक आरडाओरडा करणारी होती, म्हणून स्वस्तात सुटली.

दुसऱ्या खेपेला त्याने शहाणपणा केला. एक फुकट मिळणारा बॅच कन्व्हर्टर घेतला, पीसीएक्सच्या २४ बिटच्या बीएमपी केल्या आणि मग रंग कमी करून ८ बिटवर आणल्या. पडद्यावर मूळ आणि नवी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक शून्य. मीही ठेवून बघितल्या. हजारपट मोठं करून बघितलं असतं तरी काही दिसलं नसतं.

त्याच फाइलवरून ती झिपऱ्यांची चादर निघाली होती.

आता पीसीएक्सच्या पोटात शिरावं लागेल, कारण सगळी भानगड तिथे आहे. हा प्रकार झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशचा, १९८०च्या दशकातला. सुरुवातीला १२८ बाइटचं हेडर (फाइलची माहिती देणारा भाग), त्यातला पहिला बाइट कायम १०. मग चित्र, ओळीने, साध्या युक्तीने आवळलेलं: सलग सारखी घरं असतील तर "किती" आणि "कोणतं" एवढंच लिहायचं, एका खेपेला जास्तीत जास्त ६३. आणि २५६ रंगांची फाइल असेल तर अगदी शेवटी ७६९ बाइटचं शेपूट: १२ हा आकडा खूण म्हणून, त्यामागे २५६ रंगांचे तीन-तीन बाइट. मधल्या चित्रात रंग कुठेच नसतो, असतात ते नुसते आकडे. "या घरात ५" म्हणजे शेपटातला ५ क्रमांकाचा रंग. तो रंग लाल की जांभळा, हे चित्राला ठाऊक नसतं.

मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत चार ओळी लिहून मोराच्या फाइलमधले वेगवेगळे आकडे मोजले. पडद्यावर रंग दिसत होते १२. आकडे निघाले १५.

तीन आकडे रंगाशिवाय राहत होते. शेपूट उघडलं आणि लगेच उमगलं. पहिले १६ रंग नीट भरलेले, म्हणजे ४८ बाइट. त्यापुढचे ७२० बाइट सरळ शून्य. शून्य-शून्य-शून्य म्हणजे काळा. त्या यादीत ० क्रमांकाचा रंगही काळाच. मोराच्या फाइलमध्ये ०, १७, १८ आणि १९ असे चार आकडे वापरले होते आणि चारही पडद्यावर एकसारखे कुळकुळीत काळे. २४ बिटमध्ये (तिथे घरात आकडा नसतो, थेट रंग लिहिलेला असतो) नेताना प्रत्येक घराचा आकडा सुटला आणि रंग तेवढा उरला. परत ८ बिटवर आणताना सगळ्या काळ्यांना एकच आकडा मिळाला. चार भाऊ आत गेले, एक बाहेर आला.

पण कुठला शहाणा माणूस चार वेगळ्या गोष्टींना एकच रंग देईल? हे विचारायला आम्ही ज्यांनी या नक्षी काढल्या त्या अण्णांकडे गेलो. वय सत्तरीपार, विडी घरकुलला मुलाकडे राहतात. मी लॅपटॉप उघडून मोर आणि त्याच्याभोवतीची जमीन (नक्षीमागचं मोकळं कापड) दाखवली आणि विचारलं, "अण्णा, इथे जमिनीत चार वेगवेगळे काळे का घातलेत तुम्ही?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "काळे कुठले? जमीन काळी, किनारीचा पट्टा पोपटी, टाके पांढरे. काळ्यावर पांढरे, म्हणजे चांदण्यासारखे दिसायचे."

"इथे तर सगळं काळंच आहे."

"मग तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय." थोडं थांबून, जरा हसून: "रंग काय बघूलालाव तुम्ही? रंग माझ्या डोळ्यासाठी होता. मशिनला नंबर."

जुना प्रोग्राम आपले रंग पीसीएक्समध्ये ठेवतच नव्हता. त्याची रंगांची वेगळी फाइल त्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कवर होती, आणि तो कॉम्प्युटर भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली. पीसीएक्सच्या शेपटात प्रोग्रामने पहिल्या १६ रंगांची ठरीव यादी चिकटवली आणि बाकी जागा मोकळी सोडली. दुसऱ्या कोणी ही फाइल कधी उघडेल, असं ती लिहिणाऱ्याच्या मनातही नसावं.

अण्णांनी लोखंडी कपाटातून एक लांबट वही काढली. डाव्या रकान्यात आकडे, उजव्या रकान्यात वीण. लिपी तेलुगू, मध्येच मराठी. पूर्व भागात त्यांच्या पिढीचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं. त्यांच्या सुनेने वाचून दाखवलं आणि मी उतरवून घेतलं. ० म्हणजे जमिनीची सॅटिन वीण. १७ म्हणजे काठाजवळची साधी वीण. १८ म्हणजे टाका. मोराचा रंगीत आडवा धागा मोराच्या अंगावर वर येतो आणि मोर संपला की कापडाच्या पाठीमागे जातो. तिथे त्याला दर काही घरांनी जमिनीत एक टाका घालून बांधावं लागतं, नाहीतर पुढच्या फुलापर्यंत तो मोकळाच लोंबतो. जमिनीभर पेरलेली ती एक-एक घराची टिंबं म्हणजे १८. तीच हरवली होती. जॉबरच्या करंगळीत अडकला तो धागा इथला.

म्हणजे कन्व्हर्टर खोटं बोलला नव्हता. त्याला रंग सांभाळायला सांगितलं, त्याने रंग सांभाळले. या फाइली चित्रासारख्या दिसतात एवढंच. खरं तर तो १३४४ रकाने आणि ९६० ओळींचा तक्ता आहे, एक रकाना एका हुकाचा, एक ओळ एका पिकाची. त्यातला प्रत्येक आकडा हुकूम आहे.

आणि म्हणूनच आणखी एक मोह आवरावा लागतो. अण्णांचा मोर पडद्यावर बसका, लठ्ठ दिसतो. या मालात इंचाला उभे धागे ६० आणि आडवे ४०, म्हणजे १३४४ घरांचे होतात २२.४ इंच आणि ९६० चे २४. कापडावर मोर उभट आहे. पडद्यावर प्रत्येक घर चौरस, म्हणून तो आडवा पसरतो. भाच्याने एका फोल्डरमध्ये मोरांना "प्रपोर्शनमध्ये" आणलं होतं, म्हणजे ताणून उंच केलं होतं. ताणताना मधल्या ओळी नव्याने तयार होतात, आणि त्या ओळींना ना पीक आहे ना हूक. ते फोल्डर मी त्याच्यासमोरच उडवलं. तो जरा हिरमुसला. खरं सांगायचं तर बारीक मोर दिसायला चांगले होते.

उपाय ठरवला तो साधा. रंगाच्या वाटेला जायचंच नाही. पायथनची पिलो लायब्ररी पीसीएक्स उघडताना आकडे आकडेच ठेवते. ते तसेच उचलायचे, शेपटातले जुने रंग फेकून द्यायचे आणि नवी यादी जोडायची, जिच्यात कुठलेही दोन रंग एकमेकांच्या जवळपासही नाहीत. मग त्याच आकड्यांची ८ बिटची बीएमपी, कारण नव्या जकार्डचं सॉफ्टवेअर तीच मागतं, आणि साठवणीसाठी एक पीएनजी. पीएनजी आकडा हरवत नाही. फक्त तिला "हलकं" करून देणाऱ्या प्रोग्रामांना हात लावू द्यायचा नाही, कारण ते जागा वाचवायला रंगांच्या यादीचा क्रम बदलतात. फोल्डरमध्ये मी तशी सूचनाही लिहून ठेवली आहे. कोणी वाचेल असं नाही.

नव्या रंगांत मोर गुलाबी झाला, जमीन गडद निळी, आणि टाके पिवळे धमक. बघताक्षणी लक्षात आलं की जमिनीवर खरोखरच चांदणं पेरलंय. मालकांना तो मोर अजिबात आवडला नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचे रंग वेगळे आणि कामाचे वेगळे, हे पटवायला चहाचे दोन कप गेले.

तपासणी डोळ्याने करायची नाही, हेही ठरलं. प्रत्येक फाइलमधून आकड्यांचा तक्ता काढायचा, नवी बीएमपी दुसऱ्याच प्रोग्रामने उघडून तिच्यातूनही तक्ता काढायचा आणि दोन्ही बाइटला बाइट लावून बघायचे. एका घराचा फरक पडला तरी फाइल नापास. ३३८ पैकी ३१६ पहिल्या फटक्यात पास झाल्या. उरलेल्या २२ चं शेपूटच नव्हतं. फ्लॉपीच्या खराब सेक्टरमध्ये ते गेलं होतं. शेपूट नसलं की वाचणारा प्रोग्राम आकड्यांना करड्या रंगाच्या छटा समजतो, आणि २५६ पैकी ० ते १९ या छटा म्हणजे जवळजवळ काळोखच. भाच्याने अशा काळ्या फाइली "करप्ट" म्हणून वेगळ्या टाकल्या होत्या. पण कापलं गेलं होतं ते शेपूट, आणि ते तर आम्ही तसंही फेकणारच होतो. आत चित्र शाबूत होतं. २२ पैकी १९ उभ्या राहिल्या. तिघींच्या खालच्या पिकांपर्यंत खराबी गेली होती, त्या गेल्याच.

मधेच एक गोष्ट फाइलच्या आकारावरून कळली, ती इथे नोंदवतो. मोराच्या मूळ नक्षीची पीसीएक्स ऐंशी-नव्वद केबीची, पण त्याच मोराची दुसरी एक फाइल सापडली ती पाच-सहाशे केबीच्या वर. दोन्हींची लांबी-रुंदी तीच. मोठीत आकडे दोनच, ० आणि १. ती वीण भरून झाल्यानंतरची फाइल होती: हूक उचला, हूक राहू द्या. नक्षीच्या फाइलमध्ये जमीन सलग, म्हणून ती चांगली आवळते. वीण भरली की दर दोन-चार घरांनी आकडा बदलतो आणि पीसीएक्सची "किती, कोणतं" ही युक्ती लंगडी पडते. तेव्हा फोल्डर आकाराप्रमाणे लावला की नक्षी वर आणि वीण खाली, आपोआप. वीण भरलेल्या फाइली नव्या मागाला निरुपयोगी, कारण त्या जुन्या मागाच्या हुकांच्या मांडणीला बांधलेल्या. तशा ५७ होत्या. त्या कन्व्हर्ट केल्या, पण वेगळ्या ठेवल्या.

आता त्या अनोळखी ४१. त्या जुन्या प्रोग्रामच्या घरच्या फाइली, वर काही माहिती छापलेली नाही. एकीचा आकार १२,९०,७५२ बाइट. १३४४ गुणिले ९६० होतात १२,९०,२४०. फरक ५१२. म्हणजे पुढे ५१२ बाइटचं हेडर आणि मग आकडे, न आवळता. हेडरमध्ये एका जागी ६४ आणि ५ सापडले, त्यापुढे १९२ आणि ३. पाचदा २५६ अधिक ६४ म्हणजे १३४४. तीनदा २५६ अधिक १९२ म्हणजे ९६०. लहान बाइट आधी, मोठा मागून, पीसीची जुनी रीत. मी खुशीत प्रोग्राम लिहिला आणि मोर उलटा आला, डोकं खाली. अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "कापड खालनं वर चढतंय की. पहिलं पीक खाली." बीएमपीसुद्धा खालची ओळ आधी ठेवते, पण पिलो ते स्वतःच सांभाळते; इथे ओळी मला उलटवाव्या लागल्या.

खरी फजिती झाली ती किनारीच्या फाइलींवर. ९५ हुकांची किनार, ९६० पिकं. उघडली की कोयऱ्या तिरप्या घसरत जाताना दिसायच्या, पत्त्यांचा गठ्ठा कलंडावा तशा. दोन संध्याकाळी मी हेडरमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी आकार मोजला: ९२,६७२. माझ्या हिशेबाने हवा होता ९१,७१२. फरक बरोबर ९६०, पिकांएवढा. दर ओळीला एक बाइट जास्त. रुंदी विषम असेल तर तो प्रोग्राम ओळ सम करायला एक रिकामं घर जोडायचा. पीसीएक्समध्येही ओळीचे बाइट सम ठेवायचा हाच नियम आहे, आणि तो मला माहीत होता. माहीत असून दोन संध्याकाळी घालवल्या, आणि दर ठरला होता फाइलमागे.

मार्चमध्ये मोराची पुन्हा चाचणी झाली. अण्णांना रिक्षाने आणलं. त्यांनी नव्या मागाकडे फारसं बघितलं नाही. दीड हात कापड उतरताच ते उलटं करून पाठीवर तळवा फिरवला. टाके बसले होते. मग त्यांनी बोट ठेवून दोन जागा दाखवल्या, तिथे टाके विरळ होते. ती मात्र कन्व्हर्जनची चूक नव्हती. "माझीच," ते म्हणाले. "तवा घाईत काढलं होतं." मालकांनी विचारलं, दुरुस्त करून घेऊ का? अण्णांनी लॅपटॉप मागितला, पिवळी टिंबं कशी घालायची ते भाच्याकडून समजून घेतलं आणि अकरा घरं स्वतः भरली.

ती वही आता स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये आहे. ० ते १८ सगळ्यांचे अर्थ लागले. १९ हा आकडा मोराच्या फाइलमध्ये फक्त चार घरांत आहे, उजव्या पायाच्या नखाखाली. वहीत तो रकाना कोरा आहे आणि अण्णांनाही तो आठवत नाही. कारखान्यातल्या मास्टरचं म्हणणं, जमिनीत मिसळून टाका. आम्ही वीण जमिनीची दिली, पण आकडा १९च ठेवला.